मायाबाईंच्या दाराचा अर्ज

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय विजयमालाताई, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आपल्या साहाय्य केंद्रातले माझे सगळे सहकारी आणि हातातली कामं टाकून रहिमतपुरात जमलेल्या बंधू-भगिनींनो,

सत्काराला उत्तर देताना भारावून गेलो म्हणायची रीत आहे. मी हादरून गेलो आहे. ताईंनी आत्ता कौतुक केलं, की सुभेदारांनी अकरा वर्षं सचिवपद सांभाळलं आणि गुन्ह्यात होरपळलेल्यांसाठी येणाऱ्या अनुदानातला एक रुपया नियमाबाहेर जाऊ दिला नाही. ताई, परवापर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

परवा मी नवे सचिव शिवतेजराव यांना चार्ज देत होतो. सांगितलं, ‘एफआयआरची प्रत असल्याशिवाय कुणालाही मदत द्यायची नाही. हा पहिला नियम.’ माणूस शिकलेला. त्यांनी नियमांची पुस्तिका उघडली, मागंपुढं चाळली आणि म्हणाले, ‘आप्पा, ही अट कुठं दिसंना. इथं तर लिहिलंय, तक्रार नोंदवलेली नसली तरी मदत द्यावी.’

तुम्ही विचाराल, सुभेदार, अकरा वर्षांत पुस्तिका वाचली नाही? नाही वाचली. आधीच्या सचिवांनी चार्ज देताना तोंडी जे सांगितलं, ते मी हुकूम म्हणून घेतलं. पलटणीत चोवीस वर्षं काढलेला माणूस मी. चार्ज देणाऱ्याला उलट विचारायचं नसतं, हे अंगात मुरलेलं. पुस्तिका कपाटात होती, आणि तिच्यावरची धूळ मी दर सोमवारी झटकून घ्यायचो.

त्याच पानावर खाली लिहिलं होतं, घर सुरक्षित करायला दार, कडी, कुलूप यांचा खर्च अनुदानातून करता येतो. ते वाचलं आणि मला मायाबाई आठवल्या.

दोन वर्षांपूर्वी मायाबाई माण भागातून दोन एसट्या बदलून आल्या होत्या. नवरा मेंढरं घेऊन बाहेर गेलेला. जमिनीच्या वादातून दिरानं कुऱ्हाडीनं दार फोडून मायलेकींना मारलं होतं. भावकीतली गोष्ट, म्हणून तक्रार दिलेली नव्हती. बाईनं एवढंच मागितलं, ‘सायेब, वयात आल्याली पोर घिऊन उघड्या घरात ऱ्हाती. येक दार बशिवून द्या.’ मी एफआयआरची प्रत मागितली. आपल्या समुपदेशक संयोगिताताई म्हणाल्या, ‘आप्पा, एकदा नियम बघू या का?’ मी त्यांनाच गप्प केलं. मायाबाईंना चहा पाजला आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. सांगायला लाज वाटते, आपण कडक राहिलो याचं त्या दिवशी मला समाधान होतं.

काल शिवतेजरावांना घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. अर्ज मीच लिहून नेला होता, नुसता अंगठा हवा होता. चौकटीला अजून पोत्याचा पडदा आहे. मायाबाईंनी अर्ज शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाल्या, ‘आता कशाला, सायेब? दार न्हाई म्हणून तर पोरीचं लगीन लावून दिलं. बारावीला हुती.’

त्यांचा आवाज चढला नव्हता. आम्हाला पाणी आणून दिलं त्यांनी.

विजयमालाताई, प्रत नाही म्हणून मी ज्यांना ज्यांना परत पाठवलं, त्यांची नावं आवक वहीत आहेत. पेन्शनीत रिकामं बसायचं वय आहे, पण त्या प्रत्येकीच्या घरी मी जाणार आहे. शिवतेजराव, मी तोंडी सांगितलेलं सगळं विसरा.

शाल दिलीत, मोठ्या मनानं बोललात, आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. कामातली ही चूक मात्र सांभाळून घेऊ नका. ती माफ करणं या सभागृहात कुणाच्या हाती नाही. जिच्या हाती आहे, त्या पोरीचं नाव दोन वर्षांपूर्वी मी विचारलंसुद्धा नव्हतं. काल विचारलं. राजनंदिनी.