पाणबुडीच्या दारातला बावणे

हसाचं तर हसा, पण त्या दिवशी मी वाचलो तो आमच्या बावणेच्या हट्टानं. कोराडीचं पावर हाऊस नवीन होतं तेव्हा बॉयलरच्या ट्रेनिंगले आम्हा दोघांले जर्मनीत पाठवलं होतं. तिथं एका जुन्या पाणबुडीचं म्युझियम केलं होतं. बावणे गोल दारापाशीच अडून बसला.

"तू जा गा. आत माणूस असला का दाराशी माणूस पाहिजेच, नाही तं कोणीतरी लावून देते."

"अबे, हे बॉयलर आहे का, आत साफसफाईले उतराले?"

"भोक तं तसंच आहे ना!"

मी आत टॉर्पेडो पाहून राहिलो होतो, बंद व्हायची घंटी ऐकूच आली नाही. पहारेकरी दार लावाले आला, तर बावणे दारात आडवा झाला. भाषेचा पत्ता नाही, पण हलला नाही. त्याची बोंब ऐकून मी बाहेर आलो, तेव्हाच तो बाजूले झाला.

आता न्हाणीत गेलो तरी बायकोले दाराशी उभी करतो.