सात गाण्यांचा कलप

...आणि मी म्हणतो, वाढू दे ना लोकांची गाण्यांची आवड! मी कुठे नको म्हणतोय? पण ती माझ्याच दुकानात येऊन वाढायची काय गरज होती? तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं कात्री चालवतोय मी. दोन खुर्च्या, एक बाक आणि कोपऱ्यात टेप. टेप कसला, माझं घड्याळच ते! दाढी दोन गाण्यांत, केस पाच गाण्यांत, आणि कलप लावला की सात गाणी थांबायचं, आठवं सुरू झालं की डोकं धुवायचं. गाणी सगळी जुनी, संथ, एका मापाची. कधी कुणाची तक्रार नाही.

तर पोरगी म्हणाली, बाबा, लोकांची आवड आता वाढलीय, जरा नवीन व्हा. टेप गेला माळ्यावर, आला हा एवढासा स्पीकर, मोबाईलला जोडायचा. म्हणे, येईल त्याला विचारायचं, काय लावू? झालं! तिथंच चुकलं. अहो, पूर्वी मी तोंड बघून गाणं ओळखायचो. आता? तो लाकडाच्या वखारीचा मालक, हा असा आडदांड, बोलला तर वाटतं भांडतोय, तो काय मागतो? पियानो! तोही कसला... टिंग... मग बराच वेळ काहीच नाही... मग परत टिंग. मला वाटलं स्पीकर बिघडला, दोन चापट्या मारल्या त्याला. तर हा डोळे मिटूनच म्हणतो, ती शांतता पण गाण्यातलीच आहे. आणि बँकेतल्या कॅशियरबाई, मुलाचे केस कापायला घेऊन येतात, बोलतात अशा की कान द्यावा लागतो, त्यांना असला ढणढणाट लागतो की फळीवरचे ब्रश सरकत सरकत खाली पडतात. आवड वाढलीय म्हणे लोकांची!

घरी तरी सुख? बायको कपडे वाळत घालताना कुठल्या तरी परक्या भाषेत गुणगुणते. म्हटलं, अगं, अर्थ तरी कळतो का? तर म्हणाली, तुमच्या बोलण्याचा तरी कुठे लागतो.

राहता राहिले आमचे हेडसर. निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली, पण दुकान उघडलं त्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. त्यांचं आणि माझं गाणं एकच. मागच्या महिन्यात दुपारी आले. संध्याकाळी जुने विद्यार्थी सत्कार करणार होते, फोटो काढून शाळेच्या भिंतीवर लावणार होते, आधीच्या सगळ्या हेडसरांच्या रांगेत, कायमचा. म्हणाले, केस बेताचे काळे कर रे, कलप लावलाय असं वाटता कामा नये. मी लावला, आणि सवयीनं गाणी मोजायला लागलो. पण नेमका बाकावर वखारवाला बसलेला आणि त्याचीच गाणी चाललेली! एक झालं, दुसरं झालं, तिसरं... तिसरं संपेचना हो! शेजारच्या खुर्चीवर मी दोन दाढ्या केल्या, दोघांचे केस कापले, तरी आपलं टिंग... टिंग... आणि मी निवांत, की अजून चार गाणी बाकी आहेत! सर डोळे मिटून गप्प. तेवढ्यात पोरगी डबा घेऊन आली, सरांकडे बघून जागच्या जागी थांबली.

"बाबा, यांना किती वेळ झाला?"

म्हटलं, तीन गाणी.

"बाबा, सव्वा तास झाला."

धुतलं तेव्हा काय सांगू... बुटाला पॉलिश केल्यागत डोकं, आणि कपाळावर दोन बोटं रुंद काळी पट्टी! साबण झाला, तेल झालं, लिंबू झालं, पट्टी जाईल तर शपथ! सत्तावीस वर्षांचं गिऱ्हाईक तर गेलंच, वर माझा पराक्रम शाळेच्या भिंतीवर कायमचा टांगलेला! रडायचाच बाकी होतो मी. सर आरशात बघत बसले. बघतायत, बघतायत... मी हात जोडले, म्हटलं, सर, गाण्यानं घात केला.

"ते गाणं कुठलं होतं रे?" सर म्हणाले. "किती वर्षांनी गप्प बसावंसं वाटलं मला."

आणि सर गेले तसेच सत्काराला, पट्टीसकट! फोटो लागलाय शाळेत, मी जाऊन बघून आलो. बाकीचे सगळे हेडसर आता मारतील की मग असे बसलेत, आणि आमचे सर एकटे हसतायत.

आता सर रोज येतात. केस वाढोत न वाढोत! बाकावर बसतात, वखारवाल्याशी टिंगवर चर्चा करतात, कॅशियरबाईंच्या ढणढणाटाला पाय हलवतात. आवड वाढलीय म्हणे! आणि भांडणं नकोत म्हणून सरांनी वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलंय, शाळेसारखे तास पाडून. मी भीत भीत विचारलं, सर, यात आपली जुनी गाणी कुठेयत? म्हणाले, आहेत की, गुरुवारी, दुपारी दोन ते अडीच.

आता तुम्हीच सांगा... गुरुवारी माझं दुकान बंद असतं हो! तरी जातो... काय करणार? दर गुरुवारी शटर अर्धं वर करतो, जुनी गाणी लावून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत एकटाच बसतो, आणि अडीचला खाली ओढून घरी येतो.