श्रावणातला लिलाव

वसुमती : आधी काप्पी घ्या. निवत चाललीय.

त्यागराज : बाहेर अजून माणसं आहेत का?

वसुमती : आहेत ना. मंडप भरलाय. पंख्याखाली बसलीयत, गाड्यांभोवती फिरतायत, हॉर्न वाजवून बघतायत. एकानं तर आपल्या हिलमनच्या आरशात बघून केस विंचरले. हात मात्र कोणी वर करत नाही.

त्यागराज : चार मालकांच्या चार गाड्या, आणि एकीवरही बोली नाही. लिलाववाले साहेब काय म्हणाले?

वसुमती : ते मुंबईचे. त्यांना वाटतंय, तंजावूरची माणसं लाजाळू असतात. सगळ्यांना तुमच्यासारखं समजतायत.

त्यागराज : वसु, थट्टेची वेळ नाही ही.

वसुमती : थट्टा कुठे करतेय? मी सरळ जाऊन त्या डॉजपाशी उभ्या असलेल्या पिळ्ळैंना विचारलं. म्हटलं, मद्रासचे लोक जुन्या गाड्या शोधत गावोगाव हिंडतायत म्हणे, मग तुम्ही सगळे हात बांधून का? ते म्हणाले, "अम्मा, आडी महिन्यात कोणी वाहन घेतं का?"

त्यागराज : आडी?

वसुमती : आडी. अर्धी सरली.

त्यागराज : पण श्रावण लागलाय. शुद्ध पक्ष आहे. मी पंचांग पाहूनच साहेबांना तारीख दिली. त्यांनी फोनवर विचारलं, तुमच्याकडे चांगला महिना कोणता, मी म्हटलं श्रावण.

वसुमती : तो आपला श्रावण. त्यांची आडी चाललीय. आडीत तमिळ माणूस लग्न करत नाही, घर बदलत नाही, सायकलसुद्धा घेत नाही. आणि तुम्ही त्यांना मोटारी विकायला बोलावलंत.

त्यागराज : म्हणून हा मंडप इतका सहज मिळाला.

वसुमती : या महिन्यात लग्नाच्या कल्याणमंडपात वटवाघळंसुद्धा भाडं न देता राहतात.

त्यागराज : मंडपवाला किती हसून हो म्हणाला होता. मला वाटलं, अप्पांच्या नावाचा मान राखतोय.

वसुमती : मला एका शब्दानं विचारलं असतंत तर? स्वैपाकघरात कॅलेंडर टांगलंय, रोज सकाळी पान फाडते मी त्याचं.

त्यागराज : ते तमिळ कॅलेंडर. मी त्याच्याकडे कधी बघत नाही.

वसुमती : आणि तुमचं पंचांग पुण्याहून पोस्टानं येतं, ते मला वाचता येत नाही. झालं. दोघांच्या मध्ये मामंजींची गाडी अडकली.

त्यागराज : माझंच चुकलं. मी कुठल्याही कामात पडू नये. पुस्तकं लावावीत, एवढंच मला जमतं.

वसुमती : आता रडगाणं नको. काप्पीनंतर पुन्हा पुकारा आहे ना?

त्यागराज : शेवटचा. आणि त्यात एकच माणूस बोलणार आहे. तो तिरुचीच्या रस्त्यावरचा हॉटेलवाला. मघाशी तो साहेबांशी बोलत होता, मी खांबामागे उभा होतो.

वसुमती : त्याला आडी नाही वाटतं?

त्यागराज : तो म्हणतो, मी वाहन घेतच नाही, टेबल घेतोय. छत कापणार, इंजिन काढून भंगारात देणार, आणि मागच्या सीटच्या जागी इडली-सांबाराची पातेली मांडणार. गिऱ्हाइकांनी ताटली घेऊन गाडीपाशी यायचं. हल्ली असंच चालतं म्हणे, बंगळूरला एकानं केलंय.

वसुमती : इडली? हिलमनमध्ये?

त्यागराज : बॉनेटखाली चटण्या.

वसुमती : देवा. मामंजी असते तर त्याला एरंडेल पाजलं असतं.

त्यागराज : अप्पा त्या गाडीतून पापनाशमपर्यंतच्या खेड्यांत बाळंतपणं करायला जात. आणि मी ती... पण ठेवू कुठे, वसु? घर विकलं. शेड पाडायला माणसं येणार. आता लेकीकडे राहायचं, आणि हरिताच्या फ्लॅटखाली तिची मारुतीच कशीबशी मावते.

वसुमती : कोणीतरी दारात उभं आहे. या, आत या. काप्पी हवी का?

गोपालकृष्ण : नमस्कार. काप्पी नको, वहिनी. त्यागराज राव हेच का?

वसुमती : अगंबाई, मराठी!

गोपालकृष्ण : मोडकं आहे. घरी आईशी बोलतो तेवढंच. बाहेर सगळं तमिळ. चुकलं तर सांभाळून घ्या. मी गोपालकृष्ण. पापनाशमला दोन बस आहेत माझ्या, कुंभकोणम लाइनवर चालतात. कमलाक्षीचा मुलगा.

त्यागराज : कमलाक्षी... अप्पांच्या नर्सबाई? त्या अजून आहेत?

वसुमती : अहो! असं विचारतात का?

गोपालकृष्ण : असू द्या, वहिनी. आहे, अण्णा. पाय गेले, जीभ आहे. घरात अजून तिचंच चालतं.

त्यागराज : मी लांबूनच पाहिलंय त्यांना. मद्रासला शिकायला होतो. सुटीत यायचो तेव्हा त्या गाडीत बसून निघालेल्या दिसत. बोलायचं कधी धाडस झालं नाही.

गोपालकृष्ण : तिनंच पाठवलंय मला. पेपरात लिलावाचं आलं, सून वाचून दाखवत होती. आई जेवणावरून उठली. पाय नसलेली बाई उठली, अण्णा. म्हणाली, डॉक्टरांची गाडी आपल्याकडे येऊ दे.

वसुमती : मग सकाळी बोली का नाही लावलीत? मी बघितलं तुम्हाला. शेवटच्या रांगेत, हात मांडीखाली दाबून बसला होतात.

गोपालकृष्ण : तेच सांगायला आलो. आईनं शपथ घातलीय. म्हणाली, डॉक्टरांच्या वस्तूची किंमत चार लोकांत ओरडायची नाही. त्यांच्या मुलाकडे जायचं. मागायचं. त्यानं दिली तर घ्यायची. लिलावाच्या कागदावर गाडीचा जो आकडा छापलाय तो मी देतो, त्यात घासाघीस नाही. पण हात वर करणार नाही.

त्यागराज : इतकं कशासाठी? अप्पांनी कुणासाठी काय केलं, घरी कधी बोलले नाहीत.

गोपालकृष्ण : मी वर्षाचा होतो तेव्हा माझे वडील वारले. आई एकोणीस वर्षांची. केस काढायची तयारी झाली होती, न्हाव्याला निरोपसुद्धा गेला होता. मला ताप होता म्हणून डॉक्टर आले. मला तपासलं. मग आजोबांना म्हणाले, हिला माझ्याकडे पाठवा, मला नर्स पाहिजे, शिकवतो मी.

वसुमती : त्या काळात? आजोबा हो म्हणाले?

गोपालकृष्ण : तीन वेळा नाही म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले, जाऊ दे, पण गाडीत मागे बसेल, पदर पुढे ओढून, काचेवर पडदा लावून. डॉक्टर म्हणाले, मागची जागा रोग्याची. नर्स पुढे बसते.

त्यागराज : अप्पा असं बोलले?

गोपालकृष्ण : आणि बसवलं. आमच्या गल्लीतून, दिवसाढवळ्या, विधवा बाई मोटारीत पुढे. दारं लागली, अण्णा. एकेक करून. आई सांगते, तिनं मान खाली घातली तर डॉक्टर म्हणाले, कमलाक्षी, समोर बघ, मला म्हशी दिसत नाहीत, तू सांग.

वसुमती : डोळे चांगले होते हो मामंजींचे. शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायचे.

गोपालकृष्ण : आईलाही ते माहीत होतं. पण मान वर झाली ना! मग ती रोज समोर बघून बसली. म्हशी सांगत. आणि ज्यांनी दारं लावली, त्यांच्या लेकी-सुना अडल्या तेव्हा त्यांनीच दारात येऊन तीच गाडी थांबवली. ते जाऊ दे. मी शिकलो, बस घेतल्या, मुलगी इंजिनियर होतेय. आई म्हणते, हे सगळं त्या पुढच्या सीटवरून आलं.

त्यागराज : मला हे काहीच माहीत नव्हतं.

गोपालकृष्ण : आणि एक. तुमचे आभार मानायला सांगितलंय. तुम्ही आडीत लिलाव ठेवलात म्हणून. नाहीतर मद्रासचे मोठे लोक आले असते, आम्हाला कोण विचारतं. आमच्या घरी श्रावण, आम्हाला चालतं. आई म्हणाली, बघ, डॉक्टरांचा मुलगा, आपल्या माणसांसाठी बरोबर महिना शोधला.

त्यागराज : नाही हो, तसं नाही. ती चूक...

वसुमती : हो म्हणा की! आयुष्यात एकदा कुणी शहाणं म्हटलं तर लगेच नाकारायचं.

त्यागराज : खोटं कसं बोलू? चूक झाली, गोपालकृष्णराव. मी पंचांगच बघितलं.

गोपालकृष्ण : चालेल, अण्णा. मग त्या चुकीचे आभार मानतो.

वसुमती : आता पुढचं बोला. पुकारा सुरू होईल. गाडी लिलावातून काढायची कशी?

त्यागराज : हातोडा पडेपर्यंत मालकाला परत घेता येते. तसं ठरलंय. पण मालकानं स्वतः पुढे येऊन, माईकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं.

वसुमती : मग सांगा.

त्यागराज : वसु, मी कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढला. पोरांना गप्प बसा म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून पाटी लावली होती. तू सांग ना माझ्या वतीनं.

वसुमती : मी सांगितलं असतं. तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं असतं. पण गाडी माझ्या वडिलांची नाही.

गोपालकृष्ण : अण्णा, जबरदस्ती नाही. जमलं नाही तरी आई तुम्हाला दोष देणार नाही. मी सांगेन, विचारून आलो.

त्यागराज : घंटा झाली का?

वसुमती : झाली. हॉटेलवाला पुढच्या खुर्चीत जाऊन बसलाय.

त्यागराज : माझा चष्मा कुठे आहे?

वसुमती : डोळ्यांवर. चला.

(मंडपात, माईकसमोर.)

त्यागराज : मंडळी... साहेब... माफ करा. मी त्यागराज. डॉक्टर सांबशिव रावांचा मुलगा. ही काळी हिलमन माझ्या वडिलांची. ती मी परत घेतो. हॉटेलवाल्यांना त्रास झाला, त्यांची क्षमा मागतो. ही गाडी पापनाशमच्या कमलाक्षीबाईंची आहे. म्हणजे आजपासून. खरं तर आधीपासूनच होती, मला आज कळलं. बाकी... बाकी काही नाही.

वसुमती : अहो! अहो, इकडे बघा!

त्यागराज : काय झालं? आवाज पोचला नाही का?

वसुमती : पोचला. पण मराठीत बोललात!

त्यागराज : मराठीत? सगळं?

वसुमती : पहिल्या शब्दापासून. सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. पिळ्ळैंना वाटलं, मंत्र म्हणताय. ते हात जोडून उभे राहिले.

त्यागराज : अरे देवा. आता पुन्हा तमिळमध्ये सांगायचं? माझ्याच्यानं नाही होणार.

गोपालकृष्ण : गरज नाही, अण्णा. साहेबांकडे बघा. मुंबईचे ना ते! हातोडा खाली ठेवला त्यांनी.

वसुमती : खरंच की. चष्मा पुसतायत. हॉटेलवाल्याला काय सांगतायत?

गोपालकृष्ण : लॉट मागे घेतला म्हणून सांगतायत. तो विचारतोय, कारण काय. साहेब म्हणाले, कारण ऐकलं मी, पुरेसं आहे.

त्यागराज : मला बसायला काहीतरी द्या.

वसुमती : ही घ्या खुर्ची. आणि पाणी प्या. चांगलं बोललात. मी एवढ्या वर्षांत तुमची इतकी वाक्यं सलग ऐकली नव्हती.

त्यागराज : गोपालकृष्णराव, मी तुमचे आभार कसे मानू? गाडी वाचली, ते तर आहेच. पण अप्पा... ते घरी फार कमी बोलत. मला वाटायचं, माझ्यासारखेच असावेत. घुमे.

गोपालकृष्ण : घुमे? डॉक्टर? अण्णा, ते गाडी चालवताना गात.

त्यागराज : कोण, अप्पा?

गोपालकृष्ण : मोठ्यानं. कीर्तनातली मराठी पदं. कालव्याचा रस्ता लागला की सुरू. आई सांगते, फार बेसूर. शेतातली माणसं हातातलं काम टाकून बघायची.

त्यागराज : वसु, तू कधी ऐकलंस?

वसुमती : नाही हो. मी या घरात आले तेव्हा ते देवाच्या आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवायचे.

गोपालकृष्ण : गाडीतच फक्त. आईला म्हणायचे, इथे मला ओळखणारं कोणी नाही, तू आणि म्हशी सोडून. बरं, मी ड्रायव्हर आणलाय, टायरमध्ये हवा भरून घेतो. ऊन उतरलं की हळूहळू नेतो.

त्यागराज : त्यांना अजून आठवतात ती पदं?

गोपालकृष्ण : सगळी. ते जिथे चुकायचे, तिथे ती अजून चुकते.

त्यागराज : थांबा, गोपालकृष्णराव. मीही येतो.