मागच्या दोऱ्या

काही ढिलं दिसलं की माझे हात शिवशिवतात, हे तुम्हाला माहीतच आहे. चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे मी. पट्टा असो की बोल्ट, आवळल्याशिवाय पुढं जात नाही.

तर आमच्या शिफ्टमधल्या सचिननं तो माणसाला ओढत नेणारा मोठा कापडी पतंग घेतला. त्याला दोन पुढच्या, दोन मागच्या दोऱ्या आणि त्या सगळ्या हातात धरायच्या एका दांडीला बांधलेल्या. रविवारी तळवड्याच्या माळावर आम्ही तो उडवायला गेलो. पतंग वर जायचा, थरथरायचा आणि उलटा मागं कोसळायचा.

"मागच्या दोऱ्या जास्त ताणल्यात, राव. जरा सैल कर," सचिन म्हणाला.

सैल कोण करतं? त्याची पाठ वळताच मी त्या अजून आवळल्या आणि दांडी कमरेच्या पट्ट्याला अडकवून उभा राहिलो.

तेवढ्यात जोराचा वारा आला. पतंग सुटला आणि त्याच्यामागं मी.

"दांडी पुढं ढकल, जोर जाईल," सचिन मागून पळत ओरडत होता. मी ढकलली. पण मागच्या दोऱ्यांना ढीलच नव्हती, जोर जाणार कसा? शेवटी एका बाभळीनं मला थांबवलं.

मग सचिननं दोऱ्या वीतभर सैल केल्या. पतंग आभाळात टांगल्यासारखा शांत उभा राहिला. दांडी ढकलली की ओढ लगेच कमी. त्यानं तो उतरवला, "हात लावू नकोस," म्हणाला आणि टपरीवर चहा आणायला गेला.

परत आला, तर मी गाठीपाशी बसलेलो.

"काय करतोयस?"

"काही नाही रे. मागची दोरी जरा ढिली वाटत होती."

सचिननं दोन्ही ग्लास माझ्या दोन हातांत दिले आणि स्वतः दोऱ्या गुंडाळायला बसला.