पुढची जागा

बाल्टिमोरच्या आमच्या चर्चबाहेर मैफलीची रांग लागली होती. माझ्यापुढे जांभळ्या हॅटवाली आजी आणि तिची नात.

"आजी, व्हर्लीन टिब्स युरोपात एवढे ऑपेरा गायची. मग इथे परत कशाला आली?"

"तिकडे एकदा ऐन गाण्यात शब्द विसरली. सगळं थिएटर गप्प. कुणी हूं की चूं केलं नाही."

"मग काय करायला हवं होतं लोकांनी?"

"अगं, लहानपणी ईस्टरला इथेही विसरली होती की! अख्खं चर्च ओरडलं, 'असू दे बाळा, सावकाश गा!' आणि गायली पोर."

"म्हणून इथे येऊन चर्चमध्ये गाणाऱ्यांचा क्वायर काढला?"

"काढला, आणि आपल्या पोरांना गातं केलं. तुझ्या आईच्या कावळ्यासारख्या गळ्यातूनसुद्धा सूर काढला बाईनं! तिचे उपकार फिटायचे नाहीत."

"आज शेवटचं गाणार ना? पण केवढी थकलीय गं. परत विसरली तर?"

"मग मी काय नुसती ऐकायला आलेय? दार उघडलं बघ. पळ, अगदी पुढची जागा धर!"