पूजेतला मास्क

मालक, साहेब लोक, आणि प्रशांतसोबत पाळी करणाऱ्या भावांनो, ताईंनो,

काम सोडून तुम्ही इथं कॅन्टीनमध्ये त्याच्या शोकसभेला जमलात, खाली मान घालून बसलात. मी प्रशांतची मोठी बहीण. इथंच शहरात, मस्तगडात राहते, शाळेत शिकवते. रोज वर्गात बोलते. आज इथं बोलते. कारण तुम्ही बोलणार न्हाईत.

आत्ताच साहेब म्हणाले, प्रशांत हसतमुख होता. बराबर आहे. विष छातीत घेऊनसुद्धा तो हसतच घरी आल्ता.

माझी आई गावाकडून, केदारखेड्याहून आलीय. पोरगं कशानं गेलं, हे तिला कुणी सांगितलं न्हाई. आई, ऐक. त्याला डायमिथाइल सल्फेट म्हणतात. पाण्यासारखं दिसतं. वास जवळजवळ न्हाईच, आला तर कांद्यासारखा, बारीक. औषधाच्या कच्च्या मालाला ते एक छोटा तुकडा जोडतं, मंग त्याचं पुढं औषध होतं. प्रशांत सांगायचा, "ताई, लय कामाचं आहे. पण औषध कोणतं आन् माणूस कोणता, हे त्याला कळत न्हाई. आपल्या अंगालाबी तसंच जोडतं." आणि लगेच काही होत न्हाई. लगेच झोंबलं असतं तर माणूस पळाला असता. ते थांबतं. तासन् तास थांबतं. म्हणून बाहेरची हवा देणारा मास्क लागतो. जाड हातमोजे लागतात. सांडलं तर त्याचा जोर मारायला अमोनियाचं पाणी लागतं. आणि वाफ लागलेला माणूस ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात नजरेखाली ठेवावा लागतो. हे सगळं तुमच्या भिंतीवर लिहिलंय. अक्षर फार सुंदर आहे.

मंग खंडेनवमी आली. पाने-पकडी, हातोडे, मास्क, सगळं टेबलावर मांडलं. हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. त्या दिवशी अवजार हलवायचं नसतं, हे मलाही माहीत आहे. पण ज्यात ते रसायन चालतं, तो रिअ‍ॅक्टर चालू होता. रिअ‍ॅक्टरला सुट्टी न्हाई. सुट्टी फक्त मास्कला.

नळीच्या जोडातून त्याच विषाची गळती लागली. पुढचं मला प्रशांतनंच सांगितलं, त्याच दुपारी, बसक्या आवाजात. "मी म्हणलं, साहेब, मास्क घेऊ का? साहेब म्हणले, पूजेतलं आज हलवू नको. तुमच्यात पूजा नसते, म्हणून तुला काही वाटत न्हाई."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, सगळे हसले, ताई."

तुम्ही हसलात. पुढच्या रांगेतले हसले, मागच्या रांगेतलेही हसले.

एम. एस्सी. झालेला माझा भाऊ तोंडाला रुमाल बांधून आत गेला. का गेला? त्याला काय होणार हे माहीत नव्हतं? बिलकुल माहीत होतं. पण वाफ तुमच्यापर्यंत पोचली असती, त्याच हॉलमध्ये तुम्ही पेढ्यासाठी हात पुढं करून उभे होतात. त्यानं नळीचा कॉक बंद केला. बाहेर आला. कुणीतरी म्हणलं, "बघ, काय झालं का?" तो म्हणाला, "मला जल्दी दवाखान्यात न्या." तर गाडीही पूजेत! बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबं. "उद्या जा, आज सणाचा दिवस आहे." मंग तो तसाच घरी आला.

दिवस मावळायच्या आत त्याचा आवाज गेला. मंग श्वास जाऊ लागला. आम्ही रिक्षात घालून नेला. दवाखान्यात, कोरड्या पलंगावर, माझा भाऊ स्वतःच्या छातीतल्या पाण्यात बुडून मेला. मी त्याचा हात धरला होता. त्या हाताची पकड मला अजून झोपू देत न्हाई.

आणि आज त्याच्या फोटोला तुम्ही हळदी-कुंकू वाहिलंय. छान केलंत. आता त्यालाही कुणी हलवणार न्हाई.

उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहे. कंपनी सांगणार, कामगाराचा निष्काळजीपणा, मास्क घातला नव्हता. मालक, यात एक शब्द खोटा न्हाई. खरंच घातला नव्हता! एवढं खरं बोलून एवढं खोटं सांगायला मला तर जमलं नसतं. पण हे असंच गेलं, तर या म्हातारीला मरेपर्यंत लोक म्हणणार की तुझं पोरगं बेफिकिरीनं मेलं.

आता तुम्ही श्रद्धांजलीला उभे राहणार. थांबा. अजून उठू नका.

मास्क का मिळाला न्हाई, गाडी का मिळाली न्हाई, कोण काय बोललं आणि कोण हसलं, हे उद्या इन्स्पेक्टरला जो सांगणार आहे, त्यानंच उभं राहायचं. बाकीच्यांनी बसून राहा. लाजू नका, खुर्च्या तुमच्याच कंपनीच्या आहेत. माझ्या भावासाठी खोटं उभं राहायचं न्हाई.

आई, मान वर कर. बघ कोण उठतं ते.

प्रशांत, जय भीम.

हं. उठा.