इंजनाला गिऱ्हाईक

धाराशिवहून वाशीला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर पन्नाशीचा एक शेतकरी मांडीवर गाडीचं स्टेअरिंग घेऊन बसला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं,

"कुठं नेताय हे, दादा?"

"वाशीला. एक जण घेतो म्हणलाय. आमच्या पोराच्या, रणधीरच्या गाडीचं हाय. जपानी गाडी, लई पळणारी. पुण्यात जुनी घेतली आन सगळी बदलून घेतली त्यानं."

"मग अख्खीच का न्हाय विकली?"

"इतकी बदललेली कोण घेतंय? सुटी सुटी जाती. चाकं सोलापूरला गेली, तवापासनं विटांवर उभी हाय."

"आन रणधीर?"

"गेला. दिवाळीच्या आधी."

"गाडीतच?"

"न्हाय, काविळीनं."

"आई गं."

"परवा इंजनाला लातूरचं गिऱ्हाईक आलं. चालू करून दावा म्हणलं. म्या केली. आवाज लई मोठा तिचा, वेशीपासनं ऐकू यायचा. तसं आमच्या हिनं आत चुलीवर पाणी ठेवलं."

"कशाला?"

"रणधीर आला की आधी आंघोळ करायचा. मग तिचं तिलाच उमगलं. बाहेर आली. म्या बंद कराया गेलो, तर म्हणली, राहू द्या."

"किती येळ?"

"पेट्रोल संपेपर्यंत. ती पायरीवर बसली, म्या बी बसलो."

"आन गिऱ्हाईक?"

"ते बी बसलं. गाडी बंद पडल्यावर म्हणलं, मी उद्या येतो."

"आलं का?"

"आलं. ही शेतात गेल्यावर इंजन काढलं."